मेंढीला लस टोचल्यानंतर येणारी गाठ आणि ताप : काय पाहावे, काय करावे, काय करू नये

पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस टोचून झाली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामावर, एक तक्रार हमखास ऐकू येते. काही मेंढ्यांच्या मानेवर सुपारीएवढी गाठ हाताला लागते, एखादी मेंढी दिवसभर मान खाली घालून कळपाच्या मागे राहते, आणि त्यावरून दोन निष्कर्ष काढले जातात. पहिला असा, की लस खराब होती. दुसरा असा, की ज्यांना गाठ आली त्यांनाच लस ‘लागली’ आणि बाकीच्यांची वाया गेली. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि माझ्या मते दुसरा अधिक घातक आहे. कारण त्यामुळे गाठ न आलेल्या मेंढ्यांना आठवडाभरात पुन्हा तीच लस टोचली जाते आणि गाठ आलेल्या मेंढ्यांची दुसरी मात्रा ‘आता गरज नाही’ म्हणून टाळली जाते. गाठीचा आकार आणि प्रतिकारशक्तीची ताकद या दोहोंचे गणित असे सरळ जुळत नाही. गाठ कशामुळे येते, ती किती दिवस असावी आणि कोणत्या गाठीला घाबरायला हवे, हे कळले तर कळप हाताळणाऱ्याला बहुतेक निर्णय स्वतःच घेता येतात.

कातडीखाली नेमके काय घडते

लस टोचली जाते तेव्हा दोन गोष्टी एकदम आत जातात. एक म्हणजे रोगजंतूचा निरुपद्रवी केलेला अंश, म्हणजे प्रतिजन. आणि दुसरे म्हणजे सुईने झालेली बारीकशी जखम. मृत जंतूंच्या किंवा निर्विष केलेल्या विषाच्या लसींत तिसरी गोष्टही असते. तिला ॲडज्युव्हंट म्हणतात. आंत्रविषाराच्या लसीत हे काम बहुधा तुरटीच्या जातीचे ॲल्युमिनियमचे क्षार करतात, तर लाळ्या-खुरकुताच्या आणि घटसर्पाच्या काही लसींत खनिज तेल असते. ॲडज्युव्हंटचे काम दुहेरी आहे : प्रतिजन टोचलेल्या जागी धरून ठेवून हळूहळू सोडणे, आणि त्या जागी मुद्दाम थोडा दाह उत्पन्न करणे. हा दाह नसेल, तर नुसत्या शुद्ध प्रतिजनाची शरीर फारशी दखल घेत नाही.

पहिल्या काही तासांत तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव झिरपतो आणि पांढऱ्या पेशी जमू लागतात. हाताला लागणारी मऊ सूज ती हीच. त्या पेशींपैकी काही प्रतिजन गिळून जवळच्या लसीकाग्रंथीकडे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या ठाण्याकडे, निघतात. मानेच्या मध्यभागी टोचले असेल, तर ही ग्रंथी खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी सापडते. लसीनंतर चार-पाच दिवसांनी त्या बाजूची ग्रंथी बोटांना थोडी मोठी लागली, तर ते काम सुरू झाल्याचे लक्षण समजावे. तेथे योग्य त्या पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते आणि त्यांतून प्रतिपिंडे (प्रतिजनाला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने) तयार करणाऱ्या पेशी बाहेर पडतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तातील प्रतिपिंडे साधारण आठवड्याभराने मोजण्याजोगी होतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. मृत लसीची पहिली मात्रा मात्र मुख्यतः ओळख करून देण्याचे काम करते. दुसरी मात्रा मिळाल्यावर स्मृतिपेशी, म्हणजे ती ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, काही दिवसांतच कितीतरी अधिक आणि प्रतिजनाला अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनवतात. आंत्रविषाराची दुसरी मात्रा दोन ते तीन आठवड्यांनी का द्यावी लागते, याचे उत्तर इथे आहे.

इकडे टोचलेल्या जागी ॲल्युमिनियमचे किंवा तेलाचे कण गिळलेल्या पेशींचा थर जमतो आणि त्याभोवती तंतुमय आवरण येते. त्याची एक घट्ट, न दुखणारी गाठ होते. ती निर्जंतुक असते. मेंढ्यांमध्ये ॲल्युमिनियमयुक्त लसींनंतर अशा गाठी महिनोन्‌महिने टिकून राहिल्याचे आणि त्यांतल्या पेशींत ॲल्युमिनियम सापडल्याचे अभ्यासांत दिसले आहे. मेंढीच्या खाण्यापिण्यावर त्याचा परिणाम बहुधा दिसत नाही. पण कातडी सोलताना आणि मांस साफ करताना ती गाठ खाटकाच्या हाताला लागते, म्हणून टोचण्याची जागा विचारपूर्वक निवडावी लागते.

कोणती लस, कसली प्रतिक्रिया

महाराष्ट्रात मेंढ्यांना दिल्या जाणाऱ्या लसी प्रतिक्रियेच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन प्रकारांत मोडतात.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा ताप व हगवण आणणारा विषाणूजन्य रोग) आणि मेंढ्यांची देवी या दोन्ही लसी जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंच्या आहेत. पीपीआरच्या लसीसाठी आपल्याकडे प्रामुख्याने वापरला जाणारा ‘सुंगरी/९६’ हा वाण भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात विकसित झाला. या लसींत ॲडज्युव्हंट नसते, कारण विषाणू स्वतःच शरीरात मर्यादित वाढून प्रतिकारशक्तीला जागे करतो. म्हणून येथे गाठ बहुधा येत नाही. आलाच तर दिवस-दोन दिवसांचा सौम्य ताप येतो. देवीच्या लसीनंतर टोचल्या जागी लहानशी सूज किंवा पुळीसारखा फुगवटा येऊ शकतो. पीपीआरच्या एका मात्रेने किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. ‘गाठच आली नाही, म्हणजे लस लागली नाही’ हा समज या लसीने पुरता खोटा ठरतो.

आंत्रविषार, घटसर्प, फऱ्या, नीलजिव्हा आणि लाळ्या-खुरकूत यांच्या लसी मृत जंतूंच्या, निष्क्रिय विषाणूंच्या किंवा निर्विष केलेल्या विषाच्या असतात. गाठ येते ती प्रामुख्याने यांनी, आणि त्यांतही तेलयुक्त लसींची गाठ मोठी व दीर्घकाळ टिकणारी असते. आंत्रविषाराची लस जंतूंना मारत नाही, हेही लक्षात घ्यावे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स डी हा जंतू मेंढीच्या आतड्यात एरवीही थोड्या प्रमाणात असतो. हिरवा लुसलुशीत चारा किंवा धान्य एकाएकी पोटभर मिळाले, की तो भरमसाट वाढतो आणि त्याचे विष रक्तात जाते. लसीने तयार झालेली प्रतिपिंडे ते विष निकामी करतात. म्हणजे पाऊस पडून हिरवळ फुटण्याआधीच दोन्ही मात्रा पूर्ण झालेल्या असणे महत्त्वाचे.

फाशी रोगाची (अँथ्रॅक्सची) जिवंत बीजाणूंची लस तिसऱ्या प्रकारात वेगळी धरावी लागते. ती रोग होणाऱ्या भागातच, पशुसंवर्धन विभागाच्या सल्ल्याने देतात. तिच्यामुळे टोचल्या जागी सूज येते आणि शेळ्यांमध्ये ही सूज कधीकधी बरीच मोठी असते. मेंढ्यांबरोबर शेळ्याही राखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. या लसीच्या आगेमागे प्रतिजैविक दिले, तर लसीतील बीजाणूच मरतात आणि मेहनत फुकट जाते.

लसीकरणाच्या आधीची तयारी

प्रतिक्रिया कमी ठेवण्याचे अर्धे काम सुई हातात घेण्यापूर्वीच होते. वाघरीत (जाळीच्या कुंपणात) मेंढ्या अडवल्यावर प्रथम त्यांच्याकडे नुसते पाहावे. नाकातून शेंबूड येणारी, हगवण लागलेली, लंगडणारी किंवा रवंथ थांबलेली मेंढी बाजूला काढावी. जंतांनी पोखरलेली, फिकट पडलेली मेंढी लसीला दुबळा प्रतिसाद देते, म्हणून जंतनाशक लसीच्या आठ-दहा दिवस आधी पाजावे. लस एकाच दिवशी अनेक रोगांची टोचण्यापेक्षा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने वेगळे सांगितले नसेल तर, दोन लसींमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. तसे केले, तर कोणती प्रतिक्रिया कोणत्या लसीची हेही कळते.

मे महिन्यात टोचणी असेल, तर ती उजाडताच सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावी. भर दुपारी धरपकड झाल्यावर मेंढ्या धापा टाकतात, तोंड उघडून श्वास घेतात आणि मग तो उष्णतेचा ताण आहे की लसीची प्रतिक्रिया हे ओळखता येत नाही. त्याच कारणासाठी कळपातील पाच-सहा मेंढ्यांचे तापमान लस देण्याआधी सकाळी घेऊन लिहून ठेवावे. मेंढीचे तापमान साधारण १०२ ते १०३ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, पण लोकर वाढलेल्या मेंढीचे उन्हाळ्यातील संध्याकाळचे तापमान सकाळपेक्षा सहज वर जाते. आधीचा आकडा हाती नसेल, तर ‘ताप आला’ हे विधानच अर्धवट राहते.

आता शीतसाखळी, म्हणजे लस टोचेपर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था. थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून त्यावर सगळ्याच बाटल्या ठेवण्याची सर्रास पद्धत आहे आणि ती दुरुस्त होण्याची गरज आहे. वाळवलेल्या जिवंत लसींना थंडीने अपाय होत नाही, उलट उष्णता त्यांचा जीव घेते. ॲल्युमिनियम किंवा तेल असलेली लस मात्र गोठली तर कायमची बिघडते. ॲल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटून जाड होतात, प्रतिजन सुटते, लसीचे बळ घटते आणि जाड कणांमुळे टोचल्या जागेचा त्रास वाढण्याची शक्यता राहते. या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, बर्फाला थेट न टेकवता, कागद किंवा पुठ्ठ्याचा थर मध्ये घालून ठेवाव्यात. एखाद्या बाटलीविषयी शंका आली तर ती हलवून स्थिर ठेवावी. गुठळ्या लगेच तळाशी बसत असतील, किंवा तेलाचा थर वेगळा होऊन पुन्हा एकजीव होत नसेल, तर ती वापरू नये. चांगली बाटलीही दर भरणीपूर्वी हलकेच उलटसुलट करून घ्यावी. न हलवता काढल्यास पहिल्या मेंढ्यांना ॲडज्युव्हंट कमी आणि शेवटच्यांना जास्त मिळते, आणि गाठी शेवटच्या मेंढ्यांनाच अधिक का आल्या हे कोडे पडते. जिवंत लस द्रावकात मिसळल्यानंतर बर्फावर, सावलीत ठेवून साधारण दोन तासांत संपवावी. उरलेली उद्यासाठी ठेवू नये.

सुई कशी आणि कोठे

मेंढ्यांच्या बहुतेक लसी कातडीखाली द्यायच्या असतात. जागा म्हणून मानेची बाजू, कानामागून थोडे खाली आणि खांद्याच्या बरेच पुढे, सर्वांत सोयीची. काहीजण मांडीच्या आतील मऊ कातडी पसंत करतात, कारण तेथे लोकर नसते. परंतु मांडी हे मांसाचे महत्त्वाचे अंग आहे, तेथे नस जवळ आहे आणि मेंढी बसली की ती जागा लेंड्या-मुताने घाण होते. माझा कल मानेकडेच आहे. पुढच्या पायामागील, कोपराजवळची लोकर विरळ असलेली जागाही चालते. तेलाची लस स्नायूंत द्यायची असेल तर मानेचा खोल स्नायू निवडावा, पुठ्ठा किंवा मांडी नको.

मेंढी उभी धरावी, उलटी पाडू नये. गाभण मेंढीच्या बाबतीत तर मुळीच नाही. गाभडण्याचा दोष लसीवर येतो, पण धरपकडीत पोटावर बसलेला मार किंवा चेंगराचेंगरी हे कारण कितीदा तरी अधिक खरे असते. मदतनीसाने एका हाताने हनुवटी आणि दुसऱ्याने पुठ्ठा आवळून धरल्यावर टोचणाऱ्याने लोकर दोन्ही बाजूंना विंचरल्यागत फाकवून कातडी उघडी करावी. दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ आणि धुळीने माखलेली असते. सुई लोकरीतून घुसवली, तर तीच धूळ कातडीखाली नेली जाते. चिमटीने कातडी वर उचलून तंबू करावा आणि सुई त्याच्या बुडाशी, शरीराला जवळपास समांतर घालावी. सुईचे टोक आत मोकळे फिरते का, हे जाणवले पाहिजे. टोक अडकत असेल तर ते कातडीच्या थरातच आहे आणि तेथे टोचलेल्या लसीने कडक, दुखरी गाठ हमखास येते. टोक दुसऱ्या बाजूने बाहेर आल्यास लस लोकरीत सांडते. बोटांना ओल लागली तर त्या मेंढीला मात्रा मिळालीच नाही असे धरावे. दट्ट्या सावकाश दाबून, सुई काढल्यावर क्षणभर अंगठ्याने जागा दाबून ठेवावी, म्हणजे लस माघारी झिरपत नाही. चोळत बसू नये.

सुई कातडीखाली देण्यासाठी १८ किंवा २० गेजची, अर्धा ते पाऊण इंच लांबीची पुरते. प्रत्येक मेंढीला नवी सुई हा आदर्श; तो जमत नसेल, तर दर दहा मेंढ्यांनंतर बदलावी, आणि वाकडी, बोथट किंवा जमिनीवर पडलेली सुई तिथल्या तिथे टाकावी. वापरलेली सुई बाटलीत पुन्हा घालणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण एका मेंढीचा जंतू मग उरलेल्या सगळ्या मात्रांत जातो. बाटलीच्या बुचात एक स्वच्छ सुई कायम ठेवून भरणी तिच्यातून करावी. भिजलेल्या मेंढ्यांना टोचू नये. जिवंत लस देताना कातडीला स्पिरिट फासू नये, आणि सिरिंज रसायनाने न धुता उकळून घ्यावी. नाहीतर तेच रसायन लसीतील विषाणूंना मारते.

मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच द्यावी. पीपीआर आणि देवीसाठी ती सहसा १ मिली आणि आंत्रविषारासाठी बहुधा २.५ मिली असते. मात्र निरनिराळ्या उत्पादनांत फरक असल्याने सवयीवर विसंबू नये. कोकराला ‘लहान आहे म्हणून अर्धी’ देण्याची प्रथा चुकीची आहे. प्रतिकारशक्तीला जागे करण्यासाठी लागणारे प्रतिजन वजनाप्रमाणे कमी होत नाही.

एक सूचना जागेविषयी आणखी. आंत्रविषार नेहमी मानेच्या उजव्या बाजूला आणि दुसऱ्या लसी डाव्या बाजूला, असा कळपाचा नियमच करून टाकावा. तीन महिन्यांनी हाताला गाठ लागली, की ती कशाची हे विचारायची गरज उरत नाही.

पहिला अर्धा तास

लस टोचून झाल्यावर मेंढ्या लगेच रानात सोडू नयेत. निदान अर्धा तास त्या डोळ्यांसमोर असाव्यात. तीव्र अतिसंवेदनशील प्रतिक्रिया क्वचित येते, परंतु आली तर मिनिटांत येते आणि पूर्वी तीच लस मिळालेल्या मेंढीत तिची शक्यता अधिक असते. मेंढीत या प्रतिक्रियेचा मोठा आघात फुप्फुसांवर होतो : श्वास जलद व कष्टाचा होतो, नाकातोंडाशी फेस येतो, मेंढी थरथरते, अडखळते आणि आडवी होते. अशा वेळी पाणी पाजणे, कांदा हुंगवणे यांत वेळ घालवू नये. आडव्या मेंढीला पाणी पाजले तर ते फुप्फुसात जाते. एपिनेफ्रिन, म्हणजे ज्याला आपण ॲड्रेनॅलिन म्हणतो ते, १:१००० शक्तीचे इंजेक्शन हा प्राण वाचवणारा उपाय आहे. त्याची मात्रा मेंढीच्या वजनावर ठरते, म्हणून लसीकरणाला येणाऱ्या पशुवैद्यकाजवळ ते आहे का, हे काम सुरू होण्याआधीच विचारून घ्यावे. मोठा कळप असेल तर औषध, सिरिंज आणि पशुवैद्यकाने लिहून दिलेली मात्रा डब्यातच ठेवावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

पुढचे दिवस : हात कसा फिरवावा

पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास काही मेंढ्या मलूल राहतात, चारा कमी खातात, तापमान नेहमीपेक्षा एक-दोन अंश फॅरनहाइटने वाढते. दूध थोडे कमी होऊ शकते. सावली, पाणी आणि नेहमीचाच चारा एवढे पुरे. लांबची वाटचाल त्या दोन दिवसांत टाळावी. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्यांनी टोचणी निघण्याच्या आदल्या दिवशी न करता निदान तीन आठवडे आधी उरकावी, कारण वाटेवरच्या संसर्गाला तोंड द्यायला प्रतिपिंडे तोवर तयार हवीत. तापासाठी सर्वांनाच वेदनाशामक टोचण्याचे कारण नाही आणि स्टिरॉइड तर प्रतिकारशक्तीच दाबते.

तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि साधारण महिन्याने, असे तीनदा टोचल्या जागी हात फिरवावा. काळ्या कातडीच्या दख्खनी मेंढीत लाली दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. लोकर फाकवून आधी बोटांच्या मागच्या बाजूने त्या जागेची आणि मानेच्या दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेची ऊब ताडून पाहावी. मग गाठ चिमटीत धरून ती कातडीसह हलते का, तिच्यावरून कातडी सरकते का, हे पाहावे. लसीची साधी गाठ कातडीखाली सुटी असते, तिच्या कडा स्पष्ट लागतात, आठवड्यानंतर ती थंड असते आणि दाबली तरी मेंढी मान झटकत नाही. दोन बोटे गाठीच्या दोन टोकांना ठेवून एकाने दाबावे. दाब दुसऱ्या बोटाला लाटेसारखा पोहोचला तर आत द्रव आहे. नुसती घट्ट गाठ असा दाब पोहोचवत नाही.

साध्या गाठीचा प्रवास ठरलेला आहे. ती पहिल्या तीन दिवसांत दिसू लागते, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सर्वांत मोठी होते आणि मग दोन ते सहा आठवड्यांत हळूहळू आटते. हरभऱ्याएवढा कठीण मणी पुढे महिनोन्‌महिने राहिला तर त्याला काही करावे लागत नाही. गाठ लहान होत जाते का, हा प्रश्न ती आज केवढी आहे यापेक्षा महत्त्वाचा. तिच्यावर शेक देणे, तेल चोळणे, डाग देणे आणि विशेषतः ती फोडणे हे सर्व टाळावे. निर्जंतुक गाठ फोडली, की ती जंतूंची गाठ होते.

कोणत्या गाठीला घाबरावे

आठवड्यानंतर गाठ वाढत असेल, गरम आणि दुखरी असेल आणि आत द्रव जाणवत असेल, तर ते गळू आहे. घाणेरड्या सुईने नेहमीचे पू करणारे जंतू आत गेलेले असतात. पशुवैद्यकाने ते पिकल्यावर फोडून धुवावे. मेंढ्यांत एक विशिष्ट जंतू, कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्यूबरक्युलॉसिस, लसीकाग्रंथींत घट्ट, हिरवट-पांढऱ्या, दह्याच्या चक्क्यासारख्या पुवाची गाठ करतो. खांद्यापुढील ग्रंथी ही त्याची आवडती जागा. त्यामुळे लसीनंतर मोठी झालेली ग्रंथी आणि हा रोग यांत गल्लत होते. लसीने वाढलेली ग्रंथी टोचलेल्या बाजूचीच असते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरते. रोगाची गाठ उतरत नाही, ती मोठी होत जाऊन फुटते आणि तिचा पू बसायच्या जागेवर सांडून दुसऱ्या मेंढ्यांच्या कातरणीच्या जखमांतून पसरतो. अशी मेंढी वेगळी बांधावी, पू हातमोजे घालूनच काढावा, बोळे जाळावेत आणि तिला लस सर्वांत शेवटी, वेगळ्या सुईने द्यावी.

खरी भीती एका वेगळ्याच सुजेची आहे. टोचल्यानंतर एक ते तीन दिवसांत सूज झपाट्याने पसरू लागली, मेंढीला जोराचा ताप आला, ती चालेनाशी झाली, आणि सूज दाबल्यावर कातडीखाली बुडबुडे फुटल्यासारखी कुरकुर जाणवली, तर मातीतले क्लॉस्ट्रिडियम जंतू सुईबरोबर आत गेले आहेत असे समजावे. ती जागा सुरुवातीला गरम आणि नंतर थंड, काळी पडते. येथे तास महत्त्वाचे असतात. पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवावे. पेनिसिलिन लवकर मिळाले तर काही मेंढ्या वाचतात. त्याच दिवशी त्याच सुईने टोचलेल्या बाकीच्या मेंढ्याही लगेच तपासाव्यात. कळपात अशी एकापेक्षा अधिक प्रकरणे झाली, तर बाटलीचा तुकडी क्रमांक (बॅच नंबर) कळवावाच, पण त्याआधी सुया, ओली लोकर आणि टोचण्याच्या जागेची माती यांकडे पाहावे.

लस दिली तरी मेंढ्या का मेल्या

हा प्रश्न जितका रागाने विचारला जातो तितक्याच शांतपणे तारखा मांडून सोडवावा लागतो. पीपीआरचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा चार ते सहा दिवस जातात. लसीनंतर तिसऱ्या दिवशी मेंढीला ताप, डोळ्यांतून पाणी आणि हगवण सुरू झाली, तर संसर्ग लसीआधीचा आहे. बाजारातून नवी मेंढरे आणल्यावर लगोलग सगळ्या कळपाला टोचून घेतले की हे घडते. नवीन जनावरे दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावीत. आंत्रविषाराच्या पहिल्या मात्रेनंतर आठवड्याने मोठे कोकरू अचानक दगावले, तर ते संरक्षण तयार होण्याआधीचे आहे.

कोकरांचा हिशेब निराळा. मेंढीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत, म्हणून कोकरू जन्मते ते जवळजवळ प्रतिपिंडांशिवाय. त्याला जे मिळायचे ते चिकातून, आणि आतड्याची ती प्रतिपिंडे शोषण्याची क्षमता चोवीस तासांत संपते. वजनाच्या किलोमागे ५० मिली चीक पहिल्या दोन-तीन तासांत पोटात गेला पाहिजे. चिकात आंत्रविषाराची प्रतिपिंडे भरपूर उतरावीत म्हणून गाभण मेंढीला विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी मात्रा देतात. पण हीच आईची प्रतिपिंडे कोकराला फार लवकर दिलेल्या लसीचे प्रतिजन झाकून टाकतात. लस घेतलेल्या मेंढीच्या कोकराला पहिली मात्रा तीन-चार महिन्यांच्या सुमारास द्यावी. आईला लस नसेल, किंवा कोकराला चीक मिळाला नसेल, तर त्याआधी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. आईची प्रतिपिंडे अंगात असताना कोकराला टोचले, तर गाठ आली तरी त्याची स्वतःची प्रतिपिंडे तयार झालीच असतील असे नाही, कारण गाठ ॲडज्युव्हंटची असते. खात्री करायचीच असेल तर लसीनंतर तीन-चार आठवड्यांनी काही मेंढ्यांचे रक्त घेऊन प्रयोगशाळेत एलायझा ही प्रतिपिंडे मोजणारी चाचणी करता येते. पीपीआर २०३० पर्यंत जगातून हद्दपार करण्याची मोहीम चालू आहे आणि तिच्यात कळपांची अशी रक्ततपासणी हा भाग आहेच; तपासणीसाठी पथक आले, तर सहकार्य करावे.

टोचणाऱ्याचा हात आणि नोंदवही

तेलयुक्त लस टोचताना मेंढी उसळून सुई माणसाच्या बोटात शिरण्याचे प्रसंग घडतात. मात्रा थेंबभर असली तरी हे हलक्यात घेऊ नये. तेल बोटाच्या बंदिस्त पोकळीत पसरते, सुजेमुळे रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. दुखणे सुरुवातीला कमी असते, म्हणून लोक उद्यावर ढकलतात. तसे न करता बाटली किंवा वेष्टन बरोबर घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘तेल असलेली जनावराची लस आहे’ असे स्पष्ट सांगावे. टोपण पुन्हा सुईवर बसवू नये. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात आणि डबा दवाखान्यात जमा करावा.

नोंदवहीत तारीख, लसीचे नाव, तुकडी क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, मात्रा, मानेची बाजू, टोचणाऱ्याचे नाव आणि मेंढ्यांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांक असावेत. शेजारी तिसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवसाचे तीन रकाने आखून त्यांत गाठ नाही, हरभरा, सुपारी, लिंबू एवढेच लिहिले तरी चालते. मेंढी कापायला किंवा बाजारात द्यायची असेल, तर वेष्टनावर लिहिलेला थांबण्याचा काळ (लसीनंतर जनावर कापण्याआधी जाऊ द्यायचे दिवस) संपला आहे का, हे त्याच वहीतून पाहता येते. तेलाच्या लसींसाठी हा काळ मोठा असू शकतो आणि गाठ पूर्ण विरलेली नसेल तर घेणाऱ्याला तसे आधीच सांगितलेले बरे. दुसऱ्या मात्रेची तारीख पहिल्या मात्रेच्या दिवशीच वहीत लिहून टाकावी. त्या दिवशी वाडा कोणत्या गावात असेल हे ठाऊक असेल, तर तेथील पशुवैद्यकीय दवाखान्याचे नावही तिच्यापुढे लिहावे, म्हणजे दुसरी मात्रा वाटेतही देता येते.